वहीतून बैठकीकडे : आधुनिक मराठी कवीचा संकोच आणि त्याचे पहिले श्रोते (१८८७–१९५२)

मराठी कवितेच्या इतिहासाची मांडणी बहुधा कालखंड, संप्रदाय, वृत्ते आणि आशय यांच्या आधारे केली जाते. कविता लिहून झाल्यावर ती प्रथम कोणाच्या हाती गेली, कवीने ती कोणाला आणि कशा परिस्थितीत दाखविली, हा प्रश्न मात्र चरित्रकारांच्या किरकोळ आठवणींपुरता राहिला आहे. वास्तविक कविता लिहिणे आणि ती दुसऱ्या कवीसमोर ठेवणे या दोन स्वतंत्र कृती होत. पहिलीला प्रतिभा लागते. दुसरीला धैर्य लागते. हे धैर्य केवळ त्या त्या कवीच्या स्वभावावर अवलंबून नव्हते. ते मिळवून देणारी काही ठिकाणे, काही माणसे आणि काही रीती त्या त्या काळाने निर्माण केल्या, आणि त्यांची किंमतही कवींकडून वसूल केली. १८८७ ते १९५२ या साडेसहा दशकांतील काही निवडक प्रसंगांच्या आधारे या प्रक्रियेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

संकोचाचा उगम

कविता दाखविण्याचा संकोच हा सर्वकालीन आहे असे सहज वाटते. मराठी परंपरेकडे पाहता तसे म्हणता येत नाही. संतांचा अभंग कीर्तनात, दिंडीत, वाळवंटात जन्मास येत असे आणि तेथेच ऐकला जात असे. नामदेवांभोवती जमलेला संतमेळा हा परस्परांच्या रचना ऐकणाऱ्यांचा मेळा होता. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येई. परंतु बोलविता धनी विठ्ठल आहे, ही श्रद्धा कवी आणि श्रोते या दोघांचीही असल्यामुळे रचनेचे बरेवाईट एकट्या कवीच्या माथी येत नसे. तुकोबांना त्रास झाला, त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या अशी परंपरा सांगते. तो त्रास कविता वाईट असल्याबद्दल नव्हता. ती करण्याचा अधिकार कोणाला, हा त्या वादाचा मुद्दा होता. म्हणजे तेथे भय होते, लाज नव्हती.

पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहिरांचे जग आणखी वेगळे. फडावर उभ्या राहिलेल्या शाहिराला समोरच्या फडाशी सवाल-जवाब करावे लागत. तेथे संकोचाला जागाच नव्हती, कारण लावणी किंवा पोवाडा मुळात चारचौघांसाठीच रचला जात असे. पंडित कवीलाही आश्रयदाता आणि त्याची सभा यांची सवय होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो संकोच दिसू लागतो तो आत्मनिष्ठ भावकवितेसोबत आला. पालग्रेव्ह यांनी १८६१ साली संपादित केलेली ‘गोल्डन ट्रेझरी’ इंग्रजी शाळा-महाविद्यालयांतून वाचलेल्या तरुणांना कवितेचा विषय आपले स्वतःचे मन असू शकते, हे नव्याने उमगले. देवाचे नाव, पुराणातील कथा किंवा आश्रयदात्याची स्तुती हे तीनही आडपडदे एकदम दूर झाले. कवितेत जे दिसणार ते कवीचेच अंतःकरण, अशी वाचकाचीही समजूत झाली. अशा कवितेची वही उशाखाली ठेवावीशी वाटली तर नवल नाही. कविता वाईट आहे असे कोणी म्हटले तर आपले मनच वाईट आहे असे म्हटल्यासारखे होई. हे नवे दुःख होते आणि त्यावर जुन्या परंपरेत उपाय नव्हता.

टोपणनाव आणि मासिकाचा संपादक

पहिला उपाय सापडला तो टोपणनावाचा. कृष्णाजी केशव दामले (१८६६–१९०५) यांनी ‘केशवसुत’ हे नाव घेतले, राम गणेश गडकरी ‘गोविंदाग्रज’ झाले, नारायण मुरलीधर गुप्ते यांनी तर ‘बी’ या एकाच अक्षरात स्वतःला दडविले. टोपणनावाची प्रथा इंग्रजी नियतकालिकांतून आली, हे खरे. परंतु मराठीत तिला जो बहर आला त्यामागे केवळ अनुकरण होते असे मानणे कठीण आहे. मुलगा, भाऊ अशा नात्यांतून घडविलेली ही नावे लक्षात घेण्यासारखी आहेत. कवी पुढे येतो तो पित्याच्या किंवा भावंडाच्या मागे उभा राहून. गडकऱ्यांनी तर कवितेसाठी एक आणि विनोदासाठी ‘बाळकराम’ हे दुसरे नाव योजले.

दुसरा उपाय टपालाचा होता. जळगाव येथे नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले. पुणे-मुंबईपासून दूर, खानदेशातील एका गावी अशा स्वरूपाचे मासिक निघावे आणि ते दीर्घकाळ चालावे, ही घटना वाङ्मयेतिहासात जितकी नोंदली जाते त्याहून अधिक महत्त्वाची आहे. कवितेला वाहिलेले मासिक म्हणजे कविता पाठविण्याचा एक पत्ता. ज्याला गावात एकही कवी माहीत नाही, अशा तालुक्याच्या शाळामास्तरालाही लिफाफा त्या पत्त्यावर धाडता येत होता. समोरासमोर वाचण्याचे धाडस नसले तरी टपालपेटीपर्यंत जाण्याचे असते. नकार आला तरी तो कोणाला कळत नाही.

हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ पत्राने आणि ‘काव्यरत्नावली’ने केशवसुतांच्या कवितेला वाट करून दिली. केशवसुतांचे आयुष्य शिक्षकाच्या नोकरीत, एका गावाहून दुसऱ्या गावी बदलत गेले. अखेरच्या वर्षांत ते काही काळ खानदेशात फैजपूर येथेही होते. रूढींविरुद्ध एवढ्या आवेशाने लिहिणारा हा कवी व्यक्तिशः एकांतप्रिय होता. त्यांचे छायाचित्र उपलब्ध नाही, ही गोष्ट मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. त्यांचा संग्रह त्यांच्या हयातीत निघाला नाही. १९१७ साली, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, तो हरिभाऊ आपट्यांमुळे प्रसिद्ध झाला. गडकऱ्यांचा ‘वाग्वैजयंती’ १९२१ चा, म्हणजे तोही मरणोत्तर. बालकवींचा संग्रहही त्यांना पाहता आला नाही. आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या तीन प्रमुख कवींनी आपले पुस्तक हातात घेतले नाही, याचे कारण अल्पायुष्य हे आहेच. तथापि मासिकात एकेक कविता विखरून टाकणे त्यांना जितके सोपे गेले तितके सर्व कविता एकत्र बांधून आपल्या नावाने पुढे करणे सोपे गेले नसावे, असेही अनुमान करता येते.

टपालाच्या या मार्गाची मर्यादा उघड होती. संपादक एक तर छापतो किंवा छापत नाही. कडव्यात कोठे अडखळते, कोणता शब्द उसना आहे, कोणती ओळ राखावी, हे सांगणारा समव्यवसायी त्यातून भेटत नाही.

जळगाव, १९०७

‘काव्यरत्नावली’च्याच गावी, जळगावात, १९०७ साली कविसंमेलन भरले. नावांनी आणि लिफाफ्यांनी परस्परांना ओळखणारे कवी येथे चेहऱ्यांनिशी एकत्र आले. अध्यक्षस्थानी कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. जवळच्याच धरणगावी जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा सतरा वर्षांचा मुलगा तेथे उभा राहिला आणि त्याने स्वतःची कविता म्हटली. अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. हा प्रसंग शालेय पुस्तकांतून इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्यातील जोखीम आज कोणाला जाणवत नाही. मासिकात नकार आला असता तर तो खासगी राहिला असता. भरसभेत, नामांकित कवींच्या देखत, सतरा वर्षांच्या मुलाची फजिती झाली असती तर ती त्या जिल्ह्यात आयुष्यभर पुरली असती.

त्या सभेत रेव्हरंड नारायण वामन टिळक होते, ही बाब निर्णायक ठरली. टिळकांनी या मुलाला केवळ शाबासकी देऊन सोडले नाही. पुढे बालकवी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे टिळक दांपत्याच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तून त्या सहवासाचे जे दर्शन घडते ते कोणत्याही वाङ्मयसमीक्षेपेक्षा बोलके आहे. संमेलनाने नाव दिले, घराने श्रोता दिला. पहिली गोष्ट एका दिवसात घडते, दुसरीला वर्षे लागतात.

परंतु पदवीची किंमतही होती. सतराव्या वर्षी मिळालेले ‘बालकवी’ हे नाव त्यांना शेवटपर्यंत चिकटले. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. पण बालही नव्हते. ‘पारवा’सारख्या त्यांच्या कवितांतील औदासीन्य त्या नावाशी जुळत नाही. फुलराणी आणि निर्झर यांचा कवी म्हणून ज्याचे स्वागत झाले त्याच्या काळोखाकडे समकालीनांनी कितपत लक्ष दिले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पहिल्या श्रोत्यांनी जे ऐकले तेच पुढच्यांना ऐकू येत राहते, आणि कवीला त्यातून सुटका करून घेणे अवघड होते.

जळगावच्या या संमेलनाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. तिचा विचार शेवटी येईल. संमेलन भरले त्या वर्षी त्याच जळगावात सत्तावीस वर्षांची एक शेतकरी स्त्री जात्यावर बसून गाणी रचीत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. कविसंमेलनाची वार्ता तिच्या ओसरीपर्यंत पोहोचण्याचे काही कारण नव्हते.

रविवारचा चहा

समव्यवसायी कवींनी नियमितपणे एकत्र बसून परस्परांच्या रचना ऐकाव्यात, ही रीत मराठीत खऱ्या अर्थाने रुजविली ती पुण्याच्या रविकिरण मंडळाने. १९२३ साली स्थापन झालेल्या या मंडळात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे, ग. त्र्यं. माडखोलकर, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर, द. ल. गोखले ही मंडळी होती. रविवारी चहाच्या निमित्ताने जमत म्हणून या बैठकीला प्रारंभी थट्टेने ‘सन-टी क्लब’ असे म्हटले जाई. ‘किरण’ हा त्यांचा पहिला संयुक्त संग्रह त्याच वर्षी निघाला.

या थट्टेच्या नावातच मंडळाचे रहस्य दडलेले आहे. चहा हे निमित्त होते आणि निमित्ताची गरज होती. ‘मी कविता वाचण्यासाठी आलो आहे’ असे म्हणणे जड जाते. ‘चहाला आलो’ असे म्हणणे सोपे असते. खिशातला कागद बाहेर काढायचा की नाही हे पेला रिकामा होईपर्यंत ठरविता येते. त्या काळच्या पुण्यात चहा हा स्वतःच नवा, किंचित बंडखोर पदार्थ होता. त्याभोवती जमणारे लोक जातीच्या पंक्तीतले किंवा सभेच्या व्यासपीठावरचे नव्हते. कोणी अध्यक्ष नाही, पदवी देणारा कोणी नाही, परत पाठविणारा संपादक नाही. सारेच कवी, म्हणून सारेच अपराधी. आज मी ऐकले तर उद्या मला वाचायचे आहे, या जाणिवेने टीकेची धार आपोआप कमी होते.

हे सदस्य एका साच्यातले नव्हते. माधवराव पटवर्धन म्हणजे माधव जूलियन हे फारसीचे प्राध्यापक. गज्जल मराठीत आणण्याची त्यांची खटपट आणि ‘छंदोरचना’सारख्या ग्रंथामागील शिस्त पाहता त्यांच्यासमोर वृत्ताची मात्रा चुकवून चालणार नाही, हे उघड होते. चाफळला जन्मलेले यशवंत आणि सातारकडचे गिरीश हे घरगुती भावनांचे, ग्रामीण जिव्हाळ्याचे कवी. दिवाकर मुळात गद्याचे. अशा विजोड माणसांनी एकमेकांचे ऐकावे यातच मंडळाचे खरे काम झाले. ‘मधुमाधव’ हा घाटे आणि माधव जूलियन यांचा संयुक्त संग्रह, ‘श्रीमनोरमा’ हा रानडे पतिपत्नींचा. दोघांनी एका पुस्तकात उभे राहण्याची ही पद्धत टोपणनावासारखीच एक ढाल होती, मात्र अधिक मोकळी. पुढे माडखोलकर कादंबरी आणि समीक्षेकडे वळले, घाटेही मुख्यतः गद्यलेखक म्हणून ओळखले गेले. त्याचे श्रेय वा दोष मंडळाला देता येणार नाही. तथापि चांगल्या कवींच्या शेजारी बसून आपली कविता वाचल्यावर आपला खरा प्रांत कोणता हे कळणे, हाही अशा बैठकीचा एक उपयोग असतो. तो फारसा कोणी सांगत नाही.

मनोरमाबाई रानडे यांचे मंडळातील स्थान स्वतंत्र विचारास पात्र आहे. १९२० च्या दशकात पुरुषांच्या बैठकीत एका स्त्रीने बसावे आणि स्वतःची प्रेमकविता वाचावी, हे पुण्यातही सहज घडण्यासारखे नव्हते. पती त्याच बैठकीत असणे हा त्यासाठीचा परवाना होता. लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत अक्षरओळखच पतीकडून झाली आणि टिळकांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पूर्ण केले. पतीच्या अपुऱ्या काव्याने त्यांना मोठ्या रचनेचा अधिकार मिळवून दिला. पुढच्या पिढीत इंदिरा संत यांचा पहिला संग्रह ‘सहवास’ हा पती ना. मा. संत यांच्यासोबतचा. १९४६ साली पतीचे निधन झाले आणि ‘शेला’ हा त्यांचा एकटीचा संग्रह १९५१ साली आला. तीन पिढ्यांतील या तिन्ही स्त्रियांचा पहिला श्रोता घरातच होता. त्यात जिव्हाळा होता, याबद्दल शंका नाही. दुसरे दार उघडे नव्हते, हेही तितकेच खरे. जिच्या घरात कवी नव्हता तिच्या वहीचे काय झाले, हे इतिहासाला विचारून उपयोग नाही. इतिहासाला मिळते ती छापलेली कविता.

बैठकीतून व्यासपीठावर, आणि झेंडूची फुले

रविकिरण मंडळ चहाच्या टेबलाशी थांबले नाही. यशवंत, गिरीश आणि माधव जूलियन यांनी गावोगाव काव्यगायनाचे कार्यक्रम केले. कविता छापून वाचण्याची वस्तू आहे अशी समज रुळू लागली होती. या कवींनी ती पुन्हा ऐकण्याची वस्तू केली. त्यामुळे महाराष्ट्रात कवितेला अभूतपूर्व श्रोतृवर्ग मिळाला. परंतु मित्रांच्या बैठकीत मिळविलेले धैर्य आणि शेकडो श्रोत्यांपुढे चालीवर म्हणण्याचे धैर्य ही एकच गोष्ट नव्हे. पहिल्यात चूक कळते, दुसऱ्यात टाळ्या कळतात. टाळ्या मिळालेली ओळ कवी पुन्हा बदलत नाही. मंडळाच्या कवितेत पुढे जो ठरीवपणा आला असा आक्षेप घेतला जातो, त्याचे एक मूळ येथे असावे.

हा ठरीवपणा सर्वांत आधी हेरला तो प्रल्हाद केशव अत्रे यांनी. १९२५ साली ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली. कवींची टोपणनावे, फारसी शब्दांची हौस, प्रेमाचे उमाळे, सुनीतांची हाव, गाऊन दाखविण्याची तऱ्हा, यांपैकी काहीही त्यांच्या विडंबनातून सुटले नाही. मराठी वाचक पोट धरून हसला आणि अजूनही हसतो. रविकिरण मंडळाच्या अनेक मूळ कविता आज विस्मरणात गेल्या आहेत, त्यांची विडंबने मात्र लोकांना पाठ आहेत. हा काव्यगत न्याय म्हणावा की अन्याय, याबद्दल मतभेद राहील.

विडंबनाचा परिणाम दुहेरी झाला. एकीकडे भाबडेपणाला आळा बसला. दुसरीकडे कविता दाखविण्याच्या भयाला प्रथमच एक चेहरा मिळाला. पूर्वीचा कवी संपादकाच्या मौनाला भीत असे. १९२५ नंतरचा कवी हशाला भिऊ लागला. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. अत्रे स्वतः कवी होते, गडकऱ्यांचे निस्सीम भक्त होते, आणि ज्या कवितांची त्यांनी थट्टा केली त्या त्यांनी अत्यंत बारकाईने वाचल्या होत्या. विडंबन करण्यासाठी मूळ कवितेचा ताल कानात मुरावा लागतो. या अर्थाने रविकिरण मंडळाला अत्र्यांइतका सावध वाचक क्वचितच मिळाला असेल. माधव जूलियन यांना हशापेक्षा कठोर अनुभव आले. त्यांच्या प्रेमकवितेकडे कविता म्हणून न पाहता खासगी आयुष्याचा पुरावा म्हणून पाहिले गेले. आत्मनिष्ठ कवितेने आणलेल्या संकोचाचे कारण किती खरे होते याचा हा ढळढळीत दाखला. तरीही त्यांनी लिहिणे आणि वाचणे सोडले नाही. १९३६ साली जळगावलाच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

प्रस्तावनेची सावली

हशाच्या भयावर काळाने जो तोडगा काढला तो प्रस्तावनेचा. नामांकित लेखकाने पाठीवर हात ठेवावा आणि मग संग्रह बाहेर यावा. वऱ्हाडात सरकारी नोकरी करून प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहिलेल्या ‘बी’ कवींचा ‘फुलांची ओंजळ’ हा पहिला संग्रह १९३४ साली निघाला, तेव्हा कवी साठी ओलांडलेले होते. त्याला प्रस्तावना होती अत्र्यांची. कवींची टवाळी करणारा लेखक नऊ वर्षांनी एका अबोल कवीचा पाठीराखा म्हणून उभा राहतो, यात वरवर विसंगती दिसते. प्रत्यक्षात ही त्याच सावध वाचकाची दुसरी बाजू होय. जो हसू शकतो त्याने हसू नये, हीच मोठी पावती ठरते.

वि. वा. शिरवाडकर यांच्या बाबतीत हे नाते आणखी पुढे गेले. वि. स. खांडेकरांनी त्यांच्या कवितांचे केवळ कौतुक केले नाही. १९४२ साली ‘विशाखा’ हा संग्रह त्यांनी स्वतः प्रकाशित केला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. खांडेकर त्या वेळी महाराष्ट्राचे लाडके कादंबरीकार होते. त्यांनी आपले नाव आणि पैसा दोन्ही एका तरुण कवीमागे लावले. ‘कुसुमाग्रज’ हे नाव पुन्हा नात्यातूनच आलेले, कुसुम या बहिणीचा अग्रज. केशवसुतांपासून सुरू झालेली नात्याआड उभे राहण्याची रीत अर्ध्या शतकानंतरही टिकून होती. मात्र या वेळी कवीच्या मागे, कवितेवर विश्वास ठेवणारा एक लेखक उभा होता.

सोपानदेवांची वही

आता जळगावच्या त्या ओसरीकडे वळणे योग्य होईल. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या असोद्याच्या लेकी, तेराव्या वर्षी जळगावला सासरी आल्या. शेतात, चुलीपाशी, जात्यावर त्या आपल्या लेवा बोलीत ओव्या रचीत. त्यांना संकोच कधी वाटला असेल असे दिसत नाही, कारण त्यांचा गाण्याचा प्रकारच मुळात ऐकण्याचा होता. जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला हात लावणारी बाई हीच तेथे समव्यवसायी. संतांच्या काळातील निःसंकोचपणा विसाव्या शतकात जर कोठे शिल्लक होता तर तो अशा ठिकाणी.

संकोच होता तो त्यांच्या मुलाला. सोपानदेवांचा जन्म १९०७ चा, म्हणजे त्यांच्याच गावी कविसंमेलन भरले त्या वर्षीचा. शाळेच्या पुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा त्यांनी आईला वाचून दाखविली आणि दुसऱ्या दिवशी आईने त्यावर गाणे रचलेले होते, तेव्हापासून ते तिची गाणी टिपून ठेवू लागले, असे सांगितले जाते. पुढे सोपानदेव स्वतः कवी झाले. कविसंमेलने, मासिके, प्रस्तावना, विडंबने हे सारे जग त्यांना आतून माहीत होते. आणि म्हणूनच वही त्यांच्यापाशी राहिली. बोलीतली गाणी, निरक्षर आईची, आणि दाखविणारा तिचाच मुलगा. प्रमाण मराठीत सुनीते लिहिणाऱ्यांच्या समाजात ती पुढे ठेवणे म्हणजे स्वतःची कविता दाखविण्याहून कठीण. स्वतःच्या कवितेला कोणी हसले तर सोसता येते. आईच्या गाण्याला कोणी हसले तर काय करायचे?

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली. मराठी कवींना ज्याच्या हशाचे सर्वांत अधिक भय होते, त्याच्याकडेच ती नेली, हे लक्षणीय आहे. दाखवितानाही ते अडखळत होते, असे या प्रसंगाच्या हकिकतींवरून दिसते. अत्रे हसले नाहीत. हे धन महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा गुन्हा ठरेल, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले आणि संग्रहाच्या प्रकाशनात पुढाकार घेऊन त्याला प्रस्तावना लिहिली. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. रचणारी ते पुस्तक पाहण्यास उरली नव्हती. आणि असती तरी तिला ते मुलाकडूनच वाचून घ्यावे लागले असते.